सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत – रिपोर्ट कसा समजून घ्यायचा?

अबोली_डोंबिवली
नमस्कार. इथे वाचते नेहमी, लिहितेय पहिल्यांदाच. पाळीच्या तारखेने सात आठवडे चार दिवस झालेत. काल दादरला सोनोग्राफी झाली, आधी पोटावरून आणि मग आतून. रिपोर्टमध्ये जे आहे ते जसंच्या तसं सांगते: गर्भाशयात एक सॅक (गर्भाभोवतीची पिशवी), योक सॅक (गर्भाला सुरुवातीला पोसणारी छोटी पिशवी) दिसते, फीटल पोल (इवलासा गर्भ) दिसतो, सीआरएल (गर्भाची लांबी) ४.१ मिमी, म्हणजे सहा आठवडे एक दिवस. कार्डियाक अ‍ॅक्टिव्हिटी दिसत नाही. बारा दिवसांनी पुन्हा तपासणी करावी.

मॅडम म्हणाल्या, "आत्ता काहीच ठाम सांगता येत नाही, बारा दिवसांनी बघू." बाहेर रांग लागली होती, मला पुढचं काही विचारायला सुचलंच नाही. तेव्हापासून मोबाइल हातातून सुटत नाहीये. एकीकडे लिहिलंय सहाव्या आठवड्यात ठोके दिसायलाच हवेत, दुसरीकडे कुणाला तरी नवव्या आठवड्यात दिसले म्हणे. सासूबाई म्हणतात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू. आईला तर दिवस गेलेत हेच अजून सांगितलेलं नाही. रक्तस्राव नाही, मळमळ आहे. सगळं संपलंय की नाही, एवढंच कळायला हवंय.

गवतीचहा
अगं, आधी शांत हो. दोन गोष्टी सांग. पाळी किती दिवसांनी येते तुझी? आणि घरी टेस्ट केलीस ती कितव्या दिवशी?

अबोली_डोंबिवली
पाळी ३३-३५ दिवसांनी येते, कधीच वेळेवर नाही. टेस्ट ३८व्या दिवशी केली. रेघ फिकट होती.

करडा_पडदा
मी उपनगरात सोनोग्राफी करते, रेडिओलॉजिस्ट आहे. इथे रिपोर्ट देणार नाही, तुझे फोटो पाहिलेले नाहीत. पण लिहिलेले आकडे कसे वाचायचे ते सांगते.

रिपोर्टमध्ये दोन वयं असतात. एक पाळीच्या तारखेवरून काढलेलं, दुसरं मापावरून. पाळीवरून काढताना सगळ्या बायकांना २८ दिवसांची पाळी येते आणि चौदाव्या दिवशी बीज सुटतं असं गृहीत धरतात. तुझी पाळी ३४ दिवसांची धरली तर बीज साधारण विसाव्या दिवशी सुटलं असणार. म्हणजे सात आठवडे चार दिवसांतून सहा दिवस वजा कर. राहिले सहा आठवडे पाच दिवस. मशीन सांगतंय सहा आठवडे एक दिवस. मग तफावत दीड आठवड्याची नसून चारेक दिवसांची आहे.

आता टेस्टवरून उलटी पडताळणी. गर्भधारणेनंतर टेस्ट पॉझिटिव्ह यायला साधारण दहा दिवस तरी लागतात. त्यात हिशेबाचे आधीचे दोन आठवडे (पाळीपासून बीज सुटेपर्यंतचे) मिळवले की त्या दिवशी गर्भ निदान साडेतीन आठवड्यांचा होता. टेस्टनंतर स्कॅनपर्यंत १५ दिवस गेले. तेव्हा स्कॅनच्या दिवशी तो साडेपाच आठवड्यांहून लहान असणं शक्य नाही. सहा आठवडे एक दिवस यात बसतं. हेच जर टेस्ट २८व्या दिवशी पॉझिटिव्ह आली असती, तर आज किमान सात आठवडे भरले असते आणि ४.१ मिमी हे माप मला बरंच खटकलं असतं. उशिरा बीज सुटलं असेल, असा धीर सगळेच देतात, पण तो तुझ्या तारखांत बसतो का हे असं तपासता येतं.

ठोक्यांबद्दल: आतून केलेल्या सोनोग्राफीत साधारण पाच आठवड्यांना सॅक दिसते, साडेपाचच्या आसपास योक सॅक, सहाच्या सुमारास गर्भ आणि त्याच्या हृदयाची लुकलुक. ४ मिमीच्या गर्भात ती बहुतेकदा दिसते. बहुतेकदा म्हणजे नेहमी नाही. म्हणूनच ७ मिमीच्या आत ठोके दिसले नाहीत तर नियमाने "शंकास्पद" लिहायचं, "संपलं" असं लिहायचं नाही.

मोगरा७
हा ७ मिमीचा आकडा कुठून आला ते सांगाल का? माझ्या वेळी डॉक्टर ५ म्हणाले होते.

करडा_पडदा
ते जुनं पुस्तक वाचून आले असतील. पूर्वी गर्भ ५ मिमी आणि ठोके नाहीत, किंवा सॅक १६ मिमी आणि आत गर्भ नाही, एवढ्यावर निकाल देत. ब्रिटनमध्ये या मर्यादा ६ आणि २० होत्या. २०११ साली तिथल्याच अभ्यासांतून दिसलं की एवढ्या मापांवर अधूनमधून जिवंत गर्भही बाद ठरू शकतो. शिवाय दोन डॉक्टरांनी एकच गर्भ मोजला तरी मापात थोडा फरक पडतोच. मग २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ रेडिओलॉजिस्ट्स इन अल्ट्रासाऊंडने तज्ज्ञ बसवून निकष ठरवले, ते २०१३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आले. आतून केलेल्या सोनोग्राफीसाठी ते असे:

गर्भ ७ मिमी किंवा मोठा आणि ठोके नाहीत, तर निदान पक्कं. सॅकचा सरासरी व्यास २५ मिमी किंवा जास्त आणि आत गर्भच नाही, तरी पक्कं. तिसरा निकष काळाचा आहे. पहिल्या स्कॅनमध्ये सॅक आणि योक सॅक दिसली होती, आणि ११ दिवस किंवा त्याहून जास्त दिवसांनीही ठोके असलेला गर्भ दिसत नाही, तर पक्कं. पहिल्या वेळी योक सॅकसुद्धा नव्हती, तर ११ ऐवजी १४ दिवस थांबायचं.

अबोली, तुझ्या मॅडमनी बारा दिवस का सांगितले ते यात आलं. टाळाटाळ नाहीये ती. आठवड्याभरात पुन्हा बघितलं असतं तर कदाचित परत "सांगता येत नाही" असंच ऐकून घरी आली असतीस.

अबोली_डोंबिवली
हे मला काल कुणी दोन मिनिटांत सांगितलं असतं तर रात्र बरी गेली असती. धन्यवाद ताई. बीटा एचसीजी (गर्भधारणेच्या हार्मोनची रक्ततपासणी) करून घेऊ का मधल्या दिवसांत? मैत्रीण म्हणते रक्तातला आकडा वाढला तर सगळं ठीक.

करडा_पडदा
गर्भ दिसायच्या आधी त्याचा उपयोग असतो, विशेषतः गर्भ नळीत तर नाही ना ही शंका असते तेव्हा. आता गर्भ गर्भाशयात दिसला आहे. इथून पुढे तो आकडा तसाही दर दोन दिवसांनी दुप्पट होत नाही, वेग मंदावतो. आणि ठोके थांबल्यावरही वार काही काळ हार्मोन बनवत राहते, त्यामुळे आकडा वाढलेला दिसू शकतो. मळमळीचंही तेच. मळमळ आहे म्हणून सगळं ठीक, मळमळ गेली म्हणून संपलं, दोन्ही अनुमानं कच्ची.

मोगरा७
माझा अनुभव लिहिते. माझी सॅक १७ मिमीची होती आणि रिकामी. ज्या नर्सिंग होममध्ये नाव घातलं होतं तिथे त्याच संध्याकाळी सांगितलं, "ब्लाइटेड ओव्हम आहे (म्हणजे सॅक आहे पण आत गर्भ नाही), उद्या सकाळी उपाशीपोटी या, क्युरेटिंग करू, पिशवी साफ करू." नवरा फॉर्म भरायला काउंटरवर गेलासुद्धा. माझी नणंद नर्स आहे, ती फोनवर ओरडली, काही सही करू नका म्हणून. दुसरीकडे दोन आठवड्यांनी पाहिलं, ठोके होते. मुलगा आता दुसरीत आहे.

बेस्टची_बस
मोगरा, तुझ्यासाठी खरंच आनंद आहे. पण अशा धाग्यांवर एक होतं. ज्यांचं नंतर ठीक झालं त्या येऊन लिहितात, ज्यांचं नाही झालं त्या धागा बंद करून निघून जातात. मी दुसऱ्या गटातली. माझं माप ३.८ होतं, मी असेच सगळे चमत्काराचे किस्से वाचून काढले आणि दुसऱ्या स्कॅनला पेढ्यांच्या तयारीने गेले. अबोली, आशा ठेव, पण दोन्ही उत्तरांची तयारी ठेव. आणि घरातल्या एकाला तरी आत घेऊन जा.

मोगरा७
मान्य. मला एवढंच म्हणायचं होतं की शंका असताना घाईने पिशवी साफ करायला कुणी सांगितलं तर थांबा. पक्कं झाल्यावर कुणी थांबा म्हणत नाही.

गवतीचहा
पण वाट बघायची म्हणजे काहीही झालं तरी घरात बसायचं असं नाही हं. कोणत्या त्रासात लगेच जायचं ते कुणी लिहा ना.

करडा_पडदा
तासाला दोन पॅड पूर्ण भिजतायत आणि सलग दोन तास तेच चाललंय. ताप, थंडी, घाण वासाचा स्राव. चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी. यात रात्रीचे तीन वाजले तरी कॅज्युअल्टीत जायचं. एका बाजूला जोरात पोटात दुखणं, खांद्याच्या टोकाला कळ येणं, ही नळीतल्या गर्भाची लक्षणं. अबोलीचा गर्भ गर्भाशयात आहे, त्यामुळे तिला ही काळजी फारशी नाही. पण ज्यांच्या रिपोर्टमध्ये "गर्भाशयात काही दिसत नाही" असं लिहिलंय त्यांनी हे वाक्य दोनदा वाचा.

सुमनकाकू_गिरगाव
बाळ, मी तुझ्या आईच्या वयाची. मनाला लावून घेऊ नकोस. पण एक विचारते, रागावू नको. डोंबिवलीहून लोकलने जातेस का कामाला? त्या गर्दीत धक्के बसतात. आणि पपई, अननस काही खाण्यात आलं का?

बेस्टची_बस
काकू, प्लीज. हे प्रश्न मला माझ्या घरात सगळ्यांनी विचारले, त्यातून मला कुणी बाहेर काढलं नाही.

करडा_पडदा
काकू, तुम्ही काळजीने विचारताय हे कळतं. पण इतक्या लवकर ठोके थांबतात तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा कारण गुणसूत्रांमधल्या चुकीचं असतं. बीज आणि शुक्राणू एकत्र येतानाच ती चूक झालेली असते, तेव्हा बाईला दिवस गेलेत हेही माहीत नसतं. वयाबरोबर तिचं प्रमाण वाढतं, पण पंचविशीतही ती होते. माहीत झालेल्या दर शंभर गर्भधारणांत दहा ते वीस गळतात, आणि त्यातल्या बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. सकाळची सातची लोकल धरणाऱ्या बायकांचीच मुलं जन्माला येत नसती तर डोंबिवली एव्हाना ओस पडली असती.

सुमनकाकू_गिरगाव
बरं बाई, हे मला कुणी असं सांगितलंच नव्हतं. माझं पहिलं गेलं तेव्हा सासूबाईंनी जिना चढउतार केला म्हणून सुनावलं होतं, ते चाळीस वर्षं डोक्यात आहे. तिसऱ्या मजल्यावरची खोली आणि नळ खाली, चढणार नाही तर काय करणार. अबोली, तू नीट खा.

विलेपार्लेकर
मी पुरुष आहे, इथे लिहिणं चालेल ना? आमच्याही बाबतीत हे झालं. सोनोग्राफीच्या खोलीत मला घेतलं नाही, आणि बायकोला मशीनचा पडदा दाखवला नाही. कारण विचारलं तर म्हणे कायदा आहे.

करडा_पडदा
चालेल की. १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा गर्भाचं लिंग सांगायला बंदी घालतो. त्यासाठीच प्रत्येक गरोदर बाईचा एफ फॉर्म भरावा लागतो आणि बाहेर तो फलक लागलेला असतो. ठोके दाखवायला किंवा नाहीत हे समजावून सांगायला त्यात कुठेही बंदी नाही. सहा-सात आठवड्यांना लिंग दिसतही नाही. भीतीपोटी काही सेंटरवाले सरसकट पडदा फिरवून ठेवतात. मागितलं तर बहुतेक जण दाखवतात. न दाखवल्यास निदान माप आणि फोटो मागून घ्या, ते तुमचेच आहेत. आणि पुढचा स्कॅन शक्यतो त्याच ठिकाणी करा. दुसरीकडे गेलात तर जुना रिपोर्ट न्या, नाहीतर आज दिसणारं माप वाढलं की जागीच आहे हे त्यांना कळणार कसं?

तळ्यावरची
मी आठ आठवड्यांना पोटावरून सोनोग्राफी केली, काहीच नीट दिसलं नाही, रडून गोंधळ घातला. आतून केल्यावर सगळं स्वच्छ दिसलं. माझं गर्भाशय मागे झुकलेलं आहे म्हणे. ज्यांची फक्त पोटावरून झालीय त्यांनी तेवढ्यावरून काही ठरवू नका.

अबोली_डोंबिवली
अपडेट देते. आज बाराव्या दिवशी गेलो. नवरा आत होता, मॅडमनी दोघांना पडदा दाखवला. सीआरएल ५ मिमी. ठोके नाहीत. सॅकचा आकार वेडावाकडा झालाय. त्यांनी आणखी एका डॉक्टरांना बोलावून पुन्हा बघायला लावलं, त्यांनीही तेच सांगितलं.

रिपोर्ट हातात यायच्या आधीच मला कळलं होतं, कारण गर्भ रोज साधारण एक मिलिमीटर वाढतो हे इथेच कुठल्यातरी जुन्या धाग्यात वाचलं होतं. बारा दिवसांत एकही मिमी नाही. त्यामुळे मोजता येत होतं. रडले, पण "चुकून तर नाही ना" हा किडा डोक्यात राहिला नाही. तो राहिला असता तर जास्त वाईट झालं असतं.

आईला सांगितलं. ती उद्या येतेय. आता तीन पर्याय दिलेत, दोन दिवसांत ठरवून कळवा म्हणाल्या.

गवतीचहा
अगं... खूप वाईट वाटलं गं. आईला येऊ दे. दोन दिवस डबा, भांडी, सगळं सोडून दे.

बेस्टची_बस
मिठी. मी तिन्ही पर्यायांच्या उंबरठ्यावर उभी राहिले आहे, सांगू का?

अबोली_डोंबिवली
सांग. मॅडमनी सांगितलं पण डोकं चालत नव्हतं.

बेस्टची_बस
पहिला, वाट बघायची. शरीर आपणहून बाहेर टाकतं, पण कधी ते कुणी सांगू शकत नाही. आठवडाही लागतो, कधी तीन-चारही. मी निवडला होता आणि मध्येच सोडून दिला. कारण मी रोज चर्चगेटला जाते, आणि गाडी माहीम आणि माटुंगा रोडच्या मध्ये थांबली असताना सुरू झालं तर काय, हा विचार सहन होईना.

दुसरा, गोळ्या. पोटात जोरात कळा येतात, पाळीपेक्षा खूप जास्त, आणि गाठी पडतात. घरी कुणीतरी मोठं माणूस हवं आणि गाडीची सोय हवी. काही जणींना गोळ्यांनी पूर्ण होत नाही, मग शेवटी साफ करावंच लागतं. माझं तसंच झालं.

तिसरा, क्युरेटिंग. आता बहुतेक ठिकाणी खरवडत नाहीत, बारीक नळीने ओढून घेतात. थोड्या वेळाचं काम, त्याच दिवशी घरी. मला विचारशील तर मी थेट तिसरा घेतला असता. पण माझ्या जावेने पहिला घेतला आणि तिला तोच बरा वाटला. तिला भूल नको होती आणि ती घरीच असते.

करडा_पडदा
नीट लिहिलंस. दोन गोष्टी जोडते. मेडिकलमधून स्वतःहून गोळ्या आणायच्या नाहीत. त्या चिठ्ठीवरच मिळायला हव्यात आणि नंतर तपासणी लागतेच. दुसरं, सज्ञान बाईच्या गर्भपाताला तिची स्वतःची संमती कायद्याने पुरते. नवऱ्याची सही नाही म्हणून अडवलं तर तसं स्पष्ट बोला.

खर्चाची अडचण असेल तर केईएम, सायन, नायर आणि परळचं वाडिया मॅटर्निटी आहेच. गर्दी असते, सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढावा लागतो, पण असे पेशंट तिथे रोजचे आहेत.

मोगरा७
डोस वगैरे कुणी लिहू नका हां इथे, मागच्या वेळी असा धागा बंद करावा लागला होता.

विलेपार्लेकर
अबोली, नोकरी करत असशील तर रजेचं बघ. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजा होती, त्याच्या जागी आलेल्या नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती ठेवलीय. डॉक्टरांचा दाखला लागतो. माझ्या बायकोच्या एचआरने आधी "सिक लीव्ह टाका" असं सांगितलं होतं. कलम दाखवल्यावर गप्प झाले.

अबोली_डोंबिवली
हे कुणीच सांगितलं नव्हतं! मी दोन दिवसांची कॅज्युअल टाकून बसलेय. दाखल्यावर काय लिहून घ्यायचं?

विलेपार्लेकर
गर्भपात झाला आणि कोणत्या तारखेला, एवढं स्पष्ट हवं. नुसतं "विश्रांतीची गरज" असं लिहून आणलंस तर परत पाठवतात. रजा त्या तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात, म्हणून तारीख महत्त्वाची.

तळ्यावरची
आणि नंतर घरच्या टेस्टवर दोन-तीन आठवडे पॉझिटिव्ह रेघ येऊ शकते, हार्मोन हळूहळू उतरतं. ती बघून परत आशा लावून घेऊ नकोस.

अबोली_डोंबिवली
तिसरा पर्याय घेतेय. सोमवारी सकाळची वेळ मिळालीय. परत कधी प्रयत्न करायचा ते विचारलं तर मॅडम म्हणाल्या, एक पाळी येऊ द्या, मग मनाची तयारी झाली की बघा. मोठ्या तपासण्यांची आत्ता गरज नाही, पुन्हा असं झालं तर थायरॉइड, अँटिबॉडी वगैरे बघू म्हणाल्या. पहिल्यांदाच झालंय म्हणून आत्ता नको, हे बरोबर आहे ना?

करडा_पडदा
हो, एकदाच झालं असेल तर सहसा तसंच करतात. तुझा ब्लड ग्रुप काय?

अबोली_डोंबिवली
ओ निगेटिव्ह. नवरा बी पॉझिटिव्ह. का?

करडा_पडदा
सोमवारी भूल द्यायच्या आधीच हे मॅडमना आठवण करून दे. फाइलमध्ये असेलच, तरी तोंडाने सांग. निगेटिव्ह आईच्या रक्तात बाळाचं पॉझिटिव्ह रक्त मिसळलं तर पुढच्या वेळी त्रास होऊ शकतो, म्हणून अँटी-डीचं इंजेक्शन देतात. इतक्या लवकरच्या गर्भपातात ते द्यावंच का यावर देशोदेशी मतं वेगळी आहेत, आपल्याकडे बहुतेक डॉक्टर देतात. द्यायचं ठरलं तर ७२ तासांच्या आत. आधी इनडायरेक्ट कूम्ब्स (आईच्या रक्तात अशा अँटिबॉडी आधीच तयार झाल्यात का ते बघणारी रक्ततपासणी) झाली नसेल तर ती कधी करायची तेही विचार.

अबोली_डोंबिवली
फाइल काढून बघितली. ग्रुप लिहिलाय, कूम्ब्स कुठेच दिसत नाही. आत्ताच मॅडमच्या असिस्टंटला मेसेज टाकला. "उद्या उपाशी यायची गरज नाही, रक्त देऊन जा" असं उत्तर आलं.